संकरित मोटार : सोय किती, भरवसा किती?

(इंदूर येथील मराठी श्रोत्यांसमोर एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने केलेले भाषण)



प्रसिद्धी विभागात काम करणाऱ्या माणसाने मोटारींच्या यंत्रांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी कलाशाखेचा पदवीधर आहे. यंत्रशास्त्र हा माझ्या अध्ययनाचा विषय नव्हे. परंतु शासनाच्या योजना लोकांपर्यंत पोहोचविणे हे जसे आमचे काम, तसेच लोकांच्या मनात घोळणाऱ्या प्रश्नांना सरळ भाषेत उत्तर देणे हेही आमचे काम आहे, असे मी मानतो. सध्या मध्यमवर्गीय कुटुंबांत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. पेट्रोलची मोटार घ्यावी, तर रोजचा खर्च झेपत नाही. निव्वळ विजेची घ्यावी, तर लांबच्या प्रवासात बॅटरी संपण्याची धास्ती वाटते. मग घरी वीज भरता येईल आणि वेळप्रसंगी पेट्रोलवरही चालेल अशी दुहेरी मोटार का घेऊ नये? या मोटारीला बाजारात 'प्लग-इन हायब्रिड' म्हणतात. आपण तिला 'प्लगची संकरित मोटार' म्हणू. तिची व्यवहारोपयोगिता किती आणि तिच्यावर भरवसा किती ठेवावा, याचा विचार आज आपणांसमोर मांडावयाचा आहे.

या विचारास इंदूरइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. 1870 साली महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा ते इंदूर लोहमार्गासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. वाहतुकीचे साधन निवडताना पुढील अनेक वर्षांचा विचार करावा लागतो, हे या नगरीला दीडशे वर्षांपूर्वीच उमगले होते. आज आपल्या शेजारी पीथमपूर येथे 'नॅट्रॅक्स' हे वाहन-परीक्षण केंद्र उभे आहे. तेथील 11.3 किलोमीटर लांबीची अतिवेगवान धावपट्टी 29 जून 2021 रोजी खुली झाली. ती आशिया खंडातील सर्वांत लांब धावपट्टी म्हणून ओळखली जाते. मोटारीचा कमाल वेग, इंधनाचा खप, वळणावरील स्थैर्य, दीर्घकाळ टिकण्याची क्षमता या साऱ्यांची कसोटी तेथे लागते. यंत्र कसोटीस लावल्यावाचून त्यावर विश्वास ठेवू नये, हा त्या धावपट्टीचा धडा आहे. तोच धडा आपण ग्राहक म्हणून गिरवावयाचा आहे.

संकर तीन प्रकारचा

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. 'हायब्रिड' या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली सौम्य संकरित. तिच्यात लहानशी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण केवळ विजेवर गाडी चालत नाही. दुसरी पूर्ण संकरित. तिच्यात ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते आणि कमी वेगात गाडी काही अंतर विजेवर चालते. तिला बाहेरून वीज भरावी लागत नाही आणि भरताही येत नाही. जपानमध्ये 1997 च्या डिसेंबरात आलेली टोयोटाची प्रियस ही या प्रकारची सर्वांत प्रसिद्ध मोटार. आपल्याकडील इनोव्हा हायक्रॉस किंवा होंडा सिटीची संकरित आवृत्ती याच वर्गात मोडते. तिसरी प्लगची संकरित. हिची बॅटरी त्याहून पुष्कळ मोठी असते, ती घरच्या विजेवर भरता येते आणि एकदा भरली की सुमारे 40 ते 80 किलोमीटर गाडी पेट्रोलचा थेंबही न जाळता धावते. त्यापुढे इंजिन सुरू होते. चीनमधील बी-वाय-डी कंपनीने 2008 च्या अखेरीस आणि अमेरिकेतील शेव्हरोले व्होल्टने 2010 च्या अखेरीस हा प्रकार बाजारात रूढ केला.

महाराष्ट्रातही या दिशेने एक उल्लेखनीय प्रयत्न झाला होता. पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने 2010 साली 'रेव्होलो' नावाचा संच जाहीर केला व भारत फोर्ज या पुण्याच्याच उद्योगाशी त्यासाठी सहकार्य केले. आपल्या दारात उभ्या असलेल्या जुन्या मोटारीलाच मोटर आणि बॅटरी जोडून तिला प्लगची संकरित मोटार करावयाचे, अशी ती कल्पना होती. कल्पना खरोखर कौतुकास्पद होती. नवी मोटार न घेता इंधन वाचविण्याची वाट तिच्यात होती. परंतु जुन्या वाहनांना असे संच बसविण्याविषयीचे नियम 2016 साली झाले, आणि रेव्होलो काही घरोघरच्या मोटारींत दिसू लागला नाही. यंत्र तयार होणे ही एक गोष्ट. त्याला नियम, सुटे भाग, कुशल कारागीर आणि परवडणारी किंमत यांची जोड मिळणे ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीवाचून पहिलीचे चीज होत नाही.

दैनंदिन व्यवहारातील सोय

आता व्यवहाराकडे वळू. रामबाग किंवा लोकमान्य नगरात राहणारे एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. घरातील कमावत्या व्यक्तीचे कार्यालय विजय नगराकडे आहे. मुलांची शाळा, मंडई, दवाखाना असे सारे मिळून दिवसाला 30 किलोमीटर गाडी चालते. आठवड्याच्या अखेरीस उज्जैनला महाकालेश्वराचे दर्शन, कधी महेश्वर, कधी मांडू, आणि वर्षातून एक-दोनदा पुण्याच्या नातेवाइकांकडे लग्नकार्य. या कुटुंबाचे रोजचे 30 किलोमीटर प्लगच्या मोटारीत संपूर्ण विजेवर भागतील. उज्जैनला जाताना साधारण 55 किलोमीटर होतात; जाताना वीज, येताना पेट्रोल, असा तो प्रवास होईल. आणि मानपूरचा घाट, खलघाटचा नर्मदेवरील पूल, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे असे करीत पुण्यापर्यंतचे सुमारे 600 किलोमीटर बहुतांशी पेट्रोलवर जातील. त्या प्रवासात विजेच्या ठाण्याची वाट पाहावी लागणार नाही. या मोटारीचा खरा गुण हाच आहे, आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

परंतु या गुणाला एक अट आहे. गाडी दररोज रात्री प्लगला लागली पाहिजे. ज्याच्या घराला स्वतःचे अंगण किंवा वाहनतळ आहे, त्याला हे सुलभ आहे. 15 अँपिअरच्या साध्या प्लगवर 12 युनिटांची बॅटरी चार-पाच तासांत भरते. घरच्याच वीजजोडणीवर वाहन भरण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुभा मिळाली. पण जुन्या वस्तीतील अरुंद बोळात, जेथे रात्री जागा मिळेल तेथे गाडी लावावी लागते, तेथे तिसऱ्या मजल्यावरून खाली वायर सोडणे धोक्याचे आहे, आणि पावसाळ्यात तर प्राणघातक ठरू शकते. अशा घराने ही मोटार घेतली, तर ती प्लगला लागणार नाही. आणि प्लगला न लागणारी प्लगची मोटार म्हणजे बैल नसलेल्या घरातील नांगर होय.

हिशोब काय सांगतो?

थोडा हिशोब मांडू. यातील दर आणि आकडे मी उदाहरणादाखल धरीत आहे. आपण आपल्या घरचे आकडे घालून तो पुन्हा करावा. वर्षाला 12,000 किलोमीटर प्रवास धरा. त्यांपैकी 9,000 शहरात, 3,000 बाहेरगावी. पेट्रोल 106 रुपये लिटर आणि वीज 8 रुपये युनिट धरा.

साधी पेट्रोल मोटार लिटरला 16 किलोमीटर देत असेल, तर वर्षाला 750 लिटर म्हणजे 79,500 रुपये लागतील. पूर्ण संकरित मोटार लिटरला 22 किलोमीटर देत असेल, तर सुमारे 57,800 रुपये. प्लगची मोटार नियमाने भरली आणि युनिटला 5 किलोमीटर चालली, तर शहरातील 9,000 किलोमीटरना 14,400 रुपयांची वीज लागेल. बाहेरगावचे 3,000 किलोमीटर लिटरला 20 प्रमाणे गेले, तर 15,900 रुपयांचे पेट्रोल. एकूण 30,300 रुपये. आकडा मोहात पाडणारा आहे यात शंका नाही.

परंतु तीच मोटार कधीही प्लगला लावली नाही, तर जड बॅटरीचे ओझे वाहत तिला सगळे 12,000 किलोमीटर पेट्रोलवर न्यावे लागेल आणि 63,600 रुपये खर्च येईल. म्हणजे कमी किमतीच्या पूर्ण संकरित मोटारीपेक्षाही अधिक! शिवाय नियमाने भरली तरी पूर्ण संकरित मोटारीच्या तुलनेत वर्षाची बचत सुमारे 27,500 रुपये होते. आठ वर्षांत ती 2,20,000 रुपये होईल. याचा सरळ अर्थ असा की, दोन मोटारींच्या किमतीतील फरक याहून बराच अधिक असेल, तर केवळ पैशाच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा नाही. फरक पाच लाखांचा असेल, तर तो भरून निघण्यास अठरा वर्षे लागतील, आणि तेवढी वर्षे ती मोटार आपल्या दारात राहणार नाही.

कागदावरील आकडा आणि रस्त्यावरील आकडा

या मोटारींच्या जाहिरातीत लिटरला 50 किंवा त्याहूनही अधिक किलोमीटर असे आकडे आढळतात. ते खोटे नसतात, पण अपुरे असतात. परीक्षणाच्या नियमांत अमुक इतका प्रवास विजेवर होईल असे गृहीत धरलेले असते, आणि त्या गृहीतावर सरासरी काढली जाते. प्रत्यक्षात वीज किती भरली जाईल, हे यंत्राच्या नव्हे, तर मालकाच्या सवयीवर अवलंबून असते.

युरोपात याचा मोठा अनुभव गाठीशी आहे. तेथील नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनखपाची नोंद ठेवणारी यंत्रणा बसविणे बंधनकारक झाले. 2021 साली नोंदल्या गेलेल्या मोटारींच्या अशा नोंदी तपासून युरोपीय आयोगाने मार्च 2024 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. साध्या पेट्रोल-डिझेल मोटारींचा प्रत्यक्ष धूर अधिकृत आकड्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने अधिक निघाला. प्लगच्या संकरित मोटारींचा मात्र सरासरी साडेतीन पट! लोक गाड्या अपेक्षेइतक्या प्लगला लावीत नव्हते, हे त्याचे प्रमुख कारण. विशेषतः कंपनीने दिलेल्या मोटारींत, जेथे पेट्रोलचे बिल कंपनी भरते, तेथे घरची वीज कोण खर्च करील? नेदरलँड्समध्ये करसवलतीमुळे अशा मोटारी मोठ्या संख्येने घेतल्या गेल्या आणि पुष्कळशा पेट्रोलवरच फिरल्या. ब्रिटनने नोव्हेंबर 2018 मध्ये, तर जर्मनीने 2022 च्या अखेरीस या मोटारींच्या खरेदीवरील अनुदान थांबविले.

जनतेच्या पैशातून सवलत द्यावयाची, ती हवा स्वच्छ व्हावी म्हणून. आणि मोटार मात्र धूर सोडीत राहावी, ही गोष्ट कोणत्याही शासनास विचार करावयास लावणारी आहे. आपल्या देशातही याची छोटी प्रचिती आली. 1 एप्रिल 2015 रोजी सुरू झालेल्या 'फेम' योजनेत सौम्य संकरित मोटारींना साहाय्य मिळत होते. लाभ अल्प आणि खर्च अधिक असे दिसल्यावर 2017 साली त्या वगळण्यात आल्या. सवलतीचे मोल जाहिरातीतील आकड्यावरून नव्हे, तर रस्त्यावरील फळावरून ठरवावे लागते.

भरवशाचा प्रश्न

आता टिकाऊपणाविषयी. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही ग्राहकसंस्था मोटारमालकांकडून दरवर्षी तक्रारींची माहिती गोळा करते. 2023 च्या पाहणीत पूर्ण संकरित मोटारींत साध्या पेट्रोल मोटारींपेक्षा 26 टक्के कमी दोष आढळले. प्लगच्या संकरित मोटारींत मात्र 146 टक्के अधिक, म्हणजे जवळजवळ अडीच पट. दोन्ही संकरितच, मग एवढी तफावत का? एक तर पूर्ण संकरित तंत्र 1997 पासून मुरत आलेले आहे, आणि ते बहुतांशी त्यात पारंगत झालेल्या थोड्या कारखानदारांच्या हाती आहे. दुसरे असे की, प्लगच्या मोटारीत पेट्रोल इंजिनाचे सारे भाग असतात आणि विजेच्या मोटारीचेही बहुतेक सारे भाग असतात. शिवाय त्या दोहोंत क्षणोक्षणी मेळ घालणारी नियंत्रणप्रणाली असते. दोन संसार एका छपराखाली नांदवावयाचे, तर भांड्याला भांडे लागण्याचा संभव वाढतोच. तथापि सर्वच मोटारींना एका तराजूत तोलणे न्याय्य होणार नाही. त्याच पाहणीत टोयोटाची आर-ए-व्ही-4 प्राइम ही प्लगची मोटार चांगली ठरली. तंत्र दुष्ट नाही. ते अवघड आहे, आणि अवघड काम काहींनाच नीट जमते.

बॅटरीचाही विचार करावयास हवा. 300-400 किलोमीटर जाणारी विजेची मोटार रोज 30 किलोमीटर चालली, तर तिची बॅटरी दहा-बारा दिवसांत एकदा पूर्ण रिती होते. प्लगच्या मोटारीची लहान बॅटरी मात्र जवळजवळ रोज भरते आणि रोज रिती होते. म्हणून सावध कारखानदार तिचा काही भाग मुद्दाम राखून ठेवतात. व्होल्टच्या पहिल्या आवृत्तीत 16 युनिटांपैकी सुमारे 10 युनिटेच वापरास दिली होती. त्यात माळव्याचा वैशाख! उन्हात तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून बॅटरी थंड राखण्याची कोणती व्यवस्था आहे, हा प्रश्न रंगापेक्षा आणि आसनांच्या कापडापेक्षा महत्त्वाचा आहे. सुरक्षिततेचेही तसेच. 2020 साली फोर्ड कंपनीच्या कुगा या प्लगच्या मोटारीत बॅटरी तापून आग लागण्याचा धोका दिसून आल्यावर कंपनीला युरोपातील सुमारे 20,500 गाड्या परत मागवाव्या लागल्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी प्लगला लावू नका, असे मालकांना सांगावे लागले. ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले, तोच गुण वापरण्यास बंदी!

दुरुस्तीची अडचण आपल्याकडे अधिक गंभीर आहे. या मोटारींतील नारिंगी रंगाच्या जाड वायरींतून प्राणघातक दाबाची वीज वाहते. प्रशिक्षण आणि योग्य हातमोजे यांवाचून तिला हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ होय. पेट्रोलची साधी गाडी सेंधव्याला बंद पडली, तर तेथील मिस्त्री ती चालू करून देईल; या गाडीला मात्र क्रेनने इंदूरला किंवा धुळ्याला न्यावे लागण्याचा संभव आहे.

आपल्या बाजारातील स्थिती

आपल्या देशात प्लगच्या संकरित मोटारी आजवर मुख्यतः धनिकांसाठीच आल्या. 2015 साली मुंबईत बी-एम-डब्ल्यूची आय-8 ही मोटार सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते सादर झाली, तेव्हा तिची किंमत सव्वादोन कोटींच्या वर होती. 2016 साली आलेल्या व्होल्वोच्या एक्स-सी-90 या मोटारीच्या प्लगच्या आवृत्तीची किंमत सव्वा कोटीच्या घरात होती. करांचे गणितही लक्षात घ्यावे. विजेच्या मोटारींवर 1 ऑगस्ट 2019 पासून 5 टक्के वस्तू व सेवा कर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या रचनेत मोठ्या संकरित मोटारींना, प्लगच्या असोत वा साध्या, 40 टक्क्यांचा दर आहे. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये पूर्ण व प्लगच्या संकरित मोटारींना नोंदणी करातून सूट दिली होती. पण राज्याराज्यांची धोरणे निरनिराळी असतात आणि ती बदलतातही. सवलतीच्या आशेवर मोटार घेऊ नये. सवलतीवाचूनही परवडेल तीच घ्यावी.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. वीज म्हणजे निर्धूर, असे आपण सहज म्हणतो. परंतु देशातील बहुतांश वीज आजही कोळशावर तयार होते. रीव्याचा 750 मेगावॅटचा सौर प्रकल्प किंवा नर्मदेवरील इंदिरा सागरसारखी जलविद्युत केंद्रे यांचा वाटा जसजसा वाढेल, तसतशी प्लगमधील वीज स्वच्छ होत जाईल. आणि हवेचा प्रश्न खाजगी मोटारींनीच सुटतो असेही नाही. 2023 च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत इंदूर पहिले आले. याच शहरात ओल्या कचऱ्यापासून वायू बनविणारा, दिवसाला 550 टन क्षमतेचा प्रकल्प 19 फेब्रुवारी 2022 रोजी राष्ट्रास अर्पण झाला, तो शहरबसना इंधन पुरविण्याच्या उद्देशाने. चाळीस माणसांना नेणारी एक बस जे साधते, ते कोटीची एक मोटार साधू शकत नाही.

घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

तर मग निष्कर्ष काय? मी कोणत्याही मोटारीची शिफारस करण्यास येथे उभा नाही. पण आयुष्याची पुंजी मोजण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. आपल्या घरी, आपल्या जागेत, दररोज रात्री गाडी प्लगला लावता येईल काय? आपला रोजचा प्रवास बॅटरीच्या टप्प्यात बसतो काय, आणि लांबचे प्रवास खरोखरच वरचेवर होतात काय? पूर्ण संकरित मोटारीपेक्षा ही जितकी महाग आहे, तितकी बचत आठ वर्षांत होईल काय? बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची आहे, आणि ती लेखी आहे काय? आणि आपल्या शहरात तिची दुरुस्ती करणारे प्रशिक्षित हात आहेत काय?

पाचही प्रश्नांना होकार मिळाला, तर ही मोटार उत्तम सोबत करील. पहिल्याच प्रश्नाला नकार आला, तर पुढचे विचारण्याचे कारण नाही. पूर्ण संकरित मोटार बरी. आणि लांबचे प्रवास क्वचितच होत असतील, तर निव्वळ विजेची मोटार घेऊन पुण्याला रेल्वेने किंवा बसने जावे, यात कमीपणा कसला?

प्रसिद्धीचे काम करताना एक गोष्ट मी शिकलो आहे. चांगल्या वस्तूची प्रसिद्धी करणे सोपे असते. ती कोणासाठी चांगली आहे हे सांगणे अवघड असते. या दुहेरी मोटारीला निकामी ठरविणे अन्यायाचे आणि सर्वरोगहारक म्हणून मिरविणे फसवणुकीचे होईल. ती शिस्तीच्या मालकाची मोटार आहे. शिस्त यंत्रासोबत विकत मिळत नाही. ती घरचीच असावी लागते.